घारापुरीची माकडे आणि हातातली बाटली

घारापुरीच्या पायऱ्या चढताना माणसाच्या हातातून सर्वांत आधी जाते ती शीतपेयाची बाटली. मोबाइल, चष्मा, टोपी यांना तेथील माकडे सहसा हात लावत नाहीत, आणि पिशवीदेखील ती सरसकट ओढत नाहीत. आत खाण्यासारखे काही आहे का, याचा अंदाज घेऊनच ती पुढे सरकतात. मात्र नारिंगी किंवा काळ्या रंगाचे पेय भरलेली बाटली हातात झुलवत एखादा प्रवासी झाडाखालून जाऊ लागला, की वरची फांदी हलते आणि मग जे घडायचे ते इतक्या झटपट घडते की मागून येणाऱ्यांना केवळ किंकाळी ऐकू येते. आम्ही अलिबागकडची माणसे. मुंबईत उतरलेल्या पाहुण्यांना गेटवेवरून लाँचने घारापुरी दाखवून आणायची, हा आमच्या घरातला जुना रिवाज असल्यामुळे लेण्यांइतकीच तेथील माकडेही माझ्या परिचयाची झाली आहेत, आणि खरे सांगायचे तर अलीकडे पाहुणे लेणी पाहत असताना मी बाहेर कट्ट्यावर बसून माकडेच अधिक पाहते.

हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. लाँचने तेथे पोहोचायला सुमारे तास लागतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे आणि तेथून सुमारे १२० पायऱ्या चढल्या की १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली लेणी लागतात. माकडांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत त्या या पायऱ्या. दोन्ही बाजूंना माळा, दगडी मूर्ती, टोप्या, काकडी, कैऱ्या आणि थंड पेये विकणारी दुकाने आहेत, त्यांच्यावर ताडपत्र्यांचे छत आहे आणि छतामागे आंबा, चिंच व करंज यांची झाडी आहे. चढून दमलेला माणूस नेमका येथेच बाटली विकत घेतो, तेथेच उघडतो आणि एका हातात ती, दुसऱ्या हातात मुलाचा हात, अशा अवस्थेत पुढे निघतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली. त्याआधी काही तासांच्या जनरेटरवर भागवणाऱ्या गावाची मोठी सोय झाली आणि दिवसभर थंड बाटल्या ठेवणेही दुकानदारांना सोपे झाले. ही सोय माकडांच्याही पथ्यावर पडली, असे मला वाटते.

बाटली पळवण्याची रीत पाहण्यासारखी असते. माकड समोरून क्वचितच येते. ते कठड्यावर, अगदी निरुद्योगी चेहऱ्याने, दुसरीकडे पाहत बसलेले असते. माणूस दोन पावले पुढे गेला की मागून किंवा बाजूने येऊन त्याच्या कपड्याला किंवा पोटरीला हात लावते. येथे बळाचा वापर जवळजवळ नसतो. माकडाचा स्पर्श झाल्याबरोबर माणूस ओरडतो, हात झटकतो आणि बाटली खाली पडते. बाकीचे काम उतारच करून देतो. मग ते बाटली उचलून छतावर जाते, टोपण दातांनी आणि बोटांनी फिरवून काढते, आणि ते घट्ट असेल तर प्लॅस्टिकला दाताने भोक पाडून तेथून पिते. मोठ्या बाप्यांच्या वाटेला ती कमी जातात. लहान मुले, साडी सावरत चढणाऱ्या वयस्कर बायका आणि फोटो काढण्यात गुंतलेली माणसे ती अचूक निवडतात.

ही माकडे म्हणजे बोनेट मकाक, टोपी माकड. डोक्यावरचे केस मध्यभागापासून टोपी घातल्यासारखे चहूकडे पसरलेले असतात आणि शेपूट धडापेक्षा लांब असते. भारतीय द्वीपकल्पाबाहेर ही जात जगात कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. उत्तरेकडे तिची जागा आखूड शेपटीचे ऱ्हिसस माकड घेते, आणि ते हळूहळू दक्षिणेकडे सरकत असल्यामुळे टोपी माकडांचा मुलूख आक्रसत चालला आहे. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मूल्यांकनात ही जात ‘असुरक्षित’, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेली, ठरवली गेली. पायऱ्यांवर झुंडीने बसलेली माकडे पाहून ‘किती ही पैदास!’ असे म्हणणाऱ्या माणसाला हे खरे वाटत नाही. पण वाटेवर, देवळाशी आणि घाटाच्या वळणावर दिसणारी माकडे म्हणजे सगळी माकडे नव्हेत.

आपल्या वाड्यांत नारळावर बसलेला काळ्या तोंडाचा वानर हा निराळा प्राणी आहे, आणि दोघांना एकाच नावाने हाक मारण्याची शहरी सवय मला खटकते. वानराचे पोट अनेक कप्प्यांचे असते, त्यामुळे तो पाने पचवू शकतो आणि पोट भरण्यासाठी तासन्‌तास एका जागी बसून खाऊ शकतो. टोपी माकडाला ते जमत नाही. त्याला फळे, बिया, किडे असा विखुरलेला, पण कसदार आहार शोधत हिंडावे लागते. मात्र त्याच्याकडे वानराजवळ नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे गालांतल्या पिशव्या. मिळेल ते भराभर गालांत कोंबायचे, पळ काढायचा आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश चावायचे, हा त्याचा जंगलातलाच शिरस्ता आहे. शेंगदाण्याची पुडी हिसकावून छतावर जाणारे माकड काही नवे शिकलेले नसते. उंबराच्या झाडावर स्वतःहून थोराड असलेल्या माकडाची नजर चुकवून ते जे करते, तेच येथे माणसांच्या बाबतीत करते. साखरेचे पाणी भरलेली बाटली हा तर कमीत कमी वेळात जास्तीत जास्त ऊर्जा देणारा घास आहे, आणि तो घेण्यासाठी फक्त एका माणसाला दचकवावे लागते.

गेल्या हिवाळ्यात देवगडकडचे माझे मामा आमच्याबरोबर होते. त्यांची हापूसची आणि नारळाची बाग आहे. पायऱ्यांवर एका माकडाने कॉलेजच्या मुलीच्या हातातली बाटली नेली, सगळा जथा हसला, टाळ्या वाजल्या, चारपाच मोबाइल वर झाले. मामा मात्र गंभीर चेहऱ्याने उभे होते. “हसतत कित्याक गो ही माणसां?” ते मला म्हणाले. “आमच्या बागेत येवन बसा म्हणा चार दिवस.” त्यांचे म्हणणे मला समजते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या बागायतदारांच्या दृष्टीने वानर आणि माकडे हा विनोदाचा विषय उरलेला नाही. मोहोर, कोवळी पालवी, कैऱ्या, काजूची बोंडे, केळीचे घड, पपया, आणि सर्वांत जिव्हारी लागणारे म्हणजे अर्धवट खाऊन खाली टाकलेले कोवळे नारळ. खाल्लेल्यापेक्षा नासलेले अधिक असते. फटाके, गोफण, कुत्री, बुजगावणी हे सारे उपाय चार दिवस चालतात, आणि राखणीला माणूस ठेवावा तर त्याची मजुरी पिकातून निघत नाही. त्यातून मारुतीचा वंश म्हणून हात उगारायलाही मन धजत नाही. घारापुरीला ज्या धिटाईला टाळ्या पडतात, तीच धिटाई मामांच्या आगरात दर मोसमात नुकसानीच्या आकड्यांत मोजली जाते, आणि ती धिटाई माकडांना कोणी शिकवली या प्रश्नावर प्रवासी आणि बागायतदार यांचे कधीच एकमत होणार नाही.

माझ्या मते शिकवण दोन्हीकडे चालते. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेच्या संशोधकांनी कर्नाटकातल्या बंदिपूर जंगलातील टोपी माकडांविषयी २०१८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. तेथील काही माकडे प्रवाशांकडे पाहून एक मृदू हाक देतात आणि हात पुढे करून खाणे मागतात. माणसाचे लक्ष आपल्याकडे आहे की नाही हे ती पाहतात आणि खाणे मिळेपर्यंत मागणी चालू ठेवतात. माणसाला उद्देशून केलेला हा हेतुपुरस्सर संवाद आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. घारापुरीला हात पुढे करणारे माकड मी फारसे पाहिलेले नाही. मागून मिळण्यापेक्षा हिसकावून लवकर मिळते, हे तेथे सिद्ध झाले असावे.

बालीच्या दक्षिण टोकावरील उलुवातू मंदिरातली गोष्ट आणखी पुढची आहे. तेथील, टोपी माकडांच्याच गोत्रातली, लांब शेपटीची मकाक माकडे चष्मे, टोप्या, चपला आणि फोन पळवतात आणि मंदिराच्या सेवकाने खाऊ दिल्याशिवाय परत करीत नाहीत. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाच्या झाँ-बाप्तिस्त लेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७३ दिवस या व्यवहाराचे चित्रण केले, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार प्रौढ माकडे माणसाला अधिक मोलाच्या वाटणाऱ्या वस्तू निवडून पळवतात, तर पिल्ले मिळेल ते उचलतात. वस्तूंचे मोल ओळखण्याची अक्कल त्यांना वयाबरोबर येते. घारापुरीत चष्मे शाबूत राहतात याचे कारण मला येथे दिसते. चष्म्याच्या बदल्यात खाऊ देणारा कोणी मधला माणूस आपल्याकडे नाही, म्हणून माकडाच्या लेखी चष्म्याला किंमत नाही. ती किंमत निर्माण व्हायची नसेल, तर चुकून एखादी वस्तू गेलीच तरी बिस्किटाचा पुडा दाखवून ती सोडवून घेण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण असा पहिला यशस्वी सौदा करणारा प्रवासी पुढच्या सगळ्यांचे चष्मे धोक्यात घालील.

दुकानदारांची बाजू मला बराच काळ संशयास्पद वाटत होती. माकडाने बाटली नेली की माणूस त्याच दुकानातून दुसरी घेतो, म्हणजे एका तहानेवर दोन बाटल्या खपतात. हे मी एकदा माळा विकणाऱ्या एका मावशींना थट्टेने विचारले, तर त्या उखडल्याच. “आमचं पुरं वेफरचं पाकीट नेतंय तं, त्याचं कोन देतंय?” त्यांच्या हाताशी बांबूची काठी होती, आणि ती नुसती उचलली तरी समोरच्या छतावरची दोन माकडे मागे सरली. त्याच काठीने कोणी प्रवासी धाक दाखवू लागला तर मात्र ती हलत नाहीत. माणसामाणसांतला फरक ती ओळखतात; काठी उगारणारा हात ती चालवेलही का, हे त्यांना ठाऊक असते. त्या मावशी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला “बाटली आत टाक गो, माकर येल” असे बजावत होत्या. ऐकणाऱ्या बायका निवांत वर पोहोचत होत्या. उपाय खरोखर एवढाच आहे: बाटली, पुडी आणि कागदी पिशवी डोळ्याआड ठेवायची, प्यायचे असेल तर दुकानाच्या आत उभे राहून प्यायचे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज टाळायचा, कारण त्या आवाजाचा अर्थ बेटावरच्या प्रत्येक माकडाला समजतो.

आणखी एका गैरसमजाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. माकडाने दात दाखवले की लोकांना ते हसते आहे असे वाटते आणि ते लोक उत्तरादाखल दात दाखवून, डोळ्यांत डोळे घालून, मोबाइल त्याच्या तोंडाजवळ नेतात. मकाक माकडांत ओठ मागे खेचून दात दाखवणे हे भीतीचे किंवा शरणागतीचे चिन्ह असते. तोंड उघडून, भुवया वर करून रोखून पाहणे ही धमकी असते. आपले कुतूहलाचे टक लावून पाहणे त्याच्या भाषेत आव्हान ठरते. चावे अनेकदा अशा वेळी होतात, किंवा पिल्लाजवळ गेल्यावर, किंवा माकडाच्या हातात आलेली बाटली माणसाने परत ओढली तेव्हा. गेलेली बाटली सोडून द्यावी. तिची किंमत लसीपेक्षा कमीच असते.

आणि चावा किंवा ओरखडा आलाच, तर तो हसण्यावारी नेऊ नये. मागे परतीच्या लाँचवर एक तरुण मनगटाला रुमाल गुंडाळून बसला होता. मित्र त्याची टर उडवत होते आणि तोही त्यांच्याबरोबर हसत होता, कारण माकडाने चावले हे गंभीरपणे सांगायला त्याला संकोच वाटत असावा. रुमालावर रक्ताचा डाग होता. समोर बसलेल्या एका आजींनी “बाळा, साबणाने धुतलंस का?” असे विचारले, तेव्हा कळले की कोणीतरी त्यावर हळद दाबली होती. माकडाच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये, आणि लेणी पाहून संपण्याची वाट न पाहता मिळेल त्या पहिल्या लाँचने परतून त्याच दिवशी रुग्णालयात लस घ्यावी. त्वचा फाटून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शनही द्यावे लागते. स्नायूत दिल्या जाणाऱ्या लसीचे पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. आजींनी आपल्या पिशवीतून साबणाची वडी काढून दिली आणि लाँचवरच्या पोऱ्याने पिण्याच्या पाण्याचा डबा ओतत त्याला जखम धुवायला लावली. गेटवेला उतरल्यावर मित्रांना तेथेच सोडून तो टॅक्सीने सरळ रुग्णालयात गेला.