आडाळो, विळी, पावशी

“पोरगी परदेशात दिली,” असं माझी आजी अकोल्यात सगळ्यांना सांगत होती. लग्न मालवणात झालेलं असूनही. तिच्या हिशोबात खामगावपलीकडे सोयरीक केली की तो परदेशच. मी हसत होते. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, राज्य एक, भाषा एक. कसला आलाय परदेश?

नागपूर-मडगाव गाडीत संध्याकाळी अकोल्याला बसलो. हा मला न्यायला आला होता. आमचं जमलं पुण्यात, दोघंही तिथे नोकरीला असताना. मग वडिलांना दुकान झेपेना म्हणून हा गावी परतला. होड्यांच्या इंजिनांची दुरुस्ती करतात ते. लग्नानंतर माझी नोकरी सुटेपर्यंत आठ महिने आम्ही फोनवरच संसार केला आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी सहा डाग घेऊन निघाले. त्यातल्या एका डागात फक्त तुरीची डाळ होती. (हे सामान कुणी फालतू म्हणू नये. पुढे ती कामी आली.)

सकाळी जाग आली तर खिडकीबाहेर सगळं हिरवं आणि ओलं. बोगदे सुरू झाले. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. काळोख संपतच नाही, डब्यातले सगळे आपोआप गप्प होतात. रत्नागिरी गेल्यावर रेंज आली आणि ह्याने घरी फोन लावला.

“होय गो आये, रत्नागिरी गेली. वायच उशीर होतलो.”

मी मान वळवून बघितलं. आवाज याचाच होता, पण मी ऐकलेला नव्हता. तीन वर्षांच्या ओळखीत हा माणूस माझ्याशी तोलूनमापून, नीट, शाळेच्या पुस्तकातलं वाटावं असं मराठी बोलत आला होता. घरच्यांचा फोन आला की उठून गॅलरीत जायचा. मला वाटायचं, संकोची आहे. आता त्याच तोंडातून हेलकावे खात, शेपटी लांबवत शब्द निघत होते, आणि हात हलत होते. फोनवर कशाला हात हलवायचे?

कुडाळला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. उन्हाचं मला कौतुक नाही. आमच्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पण तिथे घाम आला की वाळतो. इथे तो येतो आणि राहायलाच येतो. मालवणच्या एसटीत बसेपर्यंत माझी ओढणी पिळायला झाली होती. रस्त्याकडेला तांबडा चिरा, तांबडी माती, तांबड्या भिंती. आमची काळी माती पायाला धरून ठेवते, ही नुसता रंग लावून सोडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चुलीपाशी होत्या. न वळताच म्हणाल्या, “तो आडाळो हाड गो बाय.”

आता मी काय करावं? ‘आडाळो’ माहीत नाही. ‘हाड’ तेवढं माहीत, पण ते मटणातलं. वाटलं, कुठल्या तरी हाडाबद्दल बोलतायत. टोपात डोकावले, तर त्यात तांदळाची पेज. काहीतरी द्यायला तर हवं म्हणून झारा नेऊन दिला. त्यांनी झाऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग स्वतः उठून कोपऱ्यातली विळी घेऊन आल्या. पुढच्या टोकाला खोबरं खवायची दातेरी खवणी.

“ह्येका आडाळो म्हणतत. आणि हाड म्हणजे आण.”

“आमच्याकडे याला पावशी म्हणतात,” मी म्हटलं.

“पावशी?” त्यांना इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावला. दुपारपर्यंत वाडीभर झालं की नव्या सुनेच्या माहेरी विळीला पावशी म्हणतात, आणि तीन बायका ते माझ्या तोंडून ऐकायला येऊन गेल्या. त्यातल्या एकीने जाता जाता विचारलं, “आज निस्त्याक काय?” मी ऐकलं ‘नुसतं काय’. म्हटलं, “नुसतं नाही हो, भाजी पण आहे.” निस्त्याक म्हणजे भातासोबतचं मासळीचं कालवण. त्या काकी अजून मला भेटल्या की “नुसता काय गो?” म्हणतात.

मासे खायला मी पुण्यात शिकले होते, त्यामुळे तिथे अडलं नाही. अडलं ते तिरफळाशी. बांगड्याच्या तिखल्यात तरंगणारं ते फळ चावायचं नसतं, हे कुणी सांगितलं नाही. अर्धा तास जीभ माझी नव्हती.

पाऊस लागला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, म्हणून आधी तो बघून घेऊ असं ठरलं. १६६४ ते १६६७ या काळात महाराजांनी कुरटे बेटावर बांधून घेतलेला किल्ला, त्यांच्या हाताचा नि पायाचा ठसा, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ, हे सगळं बघितलं. पण मी खिळले ती विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मधे या तीन गोड्या विहिरी.

ज्याचं माहेर खारपाणपट्ट्यात नाही त्याला हे कळायचं नाही. आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात. तिथल्या गाळातच क्षार, त्यामुळे विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी लांबून आणायचं, हे माझ्या आईचं अर्धं आयुष्य. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर! आणि इथे आमच्या घराची विहीर समुद्रापासून दोनशे पावलांवर, पाणी गोड. सासरे म्हणतात, पावसाचं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगून राहतं. जास्त उपसलं तर खारं वर येतं, म्हणून बेतानं काढायचं. त्या पाण्यात माझी तूरडाळ अशी काही शिजली की वरणाचं पातेलं बघून मला रडू आलं. आईला फोन केला. ती म्हणाली, “एका शिट्टीत?” मग बराच वेळ काही बोलली नाही.

१ जूनपासून मासेमारी बंद झाली. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक होड्या बंद. मला वाटलं, आता दुकान थंड. उलट हीच ह्यांची सुगी! सगळी इंजिनं एकदम दुरुस्तीला. मी डबा घेऊन जायचे तर हा ग्रीसने माखलेला, चार तांडेलांच्या, म्हणजे होड्यांवरच्या म्होरक्यांच्या, मधे उभा राहून कुणाला “मेल्या” म्हणतोय, कुणाची नक्कल करतोय, आणि सगळे पोट धरून हसतायत. मला निम्मं कळायचं नाही. पुण्यात हा मित्रांतही दोन वाक्यांपुढे जायचा नाही. तिथे मला भेटला तो याचं भाषांतर होता म्हणायचा. खरं सांगते, मला त्या तांडेलांचा हेवा वाटायचा. मी दारात दिसले की हा गप्प व्हायचा, हात पुसायचा आणि नीट विचारायचा, “तू जेवलीस का?”

एकदा भांडलेही त्यावरून. माझ्याशी का नाही बोलत तसं? तर म्हणे, तुला कळणार नाही. मी म्हटलं, तूही कधी माझं वऱ्हाडी ऐकलंयस का? त्याने ऐकलं नव्हतं. मीही पुण्यात गॅलरीतच जायचे की फोनवर.

पावसाचं मी काय सांगू? आमच्याकडे वर्षभरात आठशे मिलिमीटर झाला तर लोक खूश. इथे तो तीन हजारांच्या पुढे जातो. कपडे चुलीवरच्या दोरीला, तरी दमट. लग्नातल्या शालूवर पांढरी बुरशी. रात्री समुद्राची गाज आणि पावसाचा आवाज एकमेकांत असे मिसळतात की कुठला कोणता, कळत नाही.

जूनच्या अखेरीस अशाच एका रात्री वीज गेली, वाऱ्याने पडवीचं दार धाडकन उघडलं. हा अर्धवट झोपेत ओरडला, “दार लाव गो, पाऊस इलो भितूर!”

मी अंधारात चाचपडत, भिजत, कडी शोधत होते.

“लावून राह्यली न मी! काऊन ओरडून राह्यला एवढा?”

पलीकडच्या खोलीत सासूबाई हसल्याचं मला ऐकू आलं.