लग्नपत्रिकेपासून प्रश्नपत्त्यांपर्यंत : आमची वाटचाल

आमचा छापखाना मुळात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, टॉवेल-चादरींची लेबलं आणि शेंगा चटणीच्या पाकिटांवरचे स्टिकर यांचा. ही कामं करणारे सोलापुरात गल्लोगल्ली आहेत, आणि लग्नसराई आटोपली की मशीन निम्मा दिवस बंदच असतं. त्या रिकाम्या वेळात दहावीच्या एका बॅचच्या गेट-टुगेदरसाठी ऐंशी-नव्वदच्या दशकांवरच्या प्रश्नांचे पत्ते छापून दिले. तिथून एकाने दुसऱ्याला सांगत आता पत्रिकांपेक्षा पत्त्यांचंच काम जास्त झालंय. एका संचात ५४ पत्ते, प्रत्येक पत्त्यावर चार प्रश्न, म्हणजे एकूण २१६. दूरदर्शन, सिनेमा, क्रिकेट, आणि जाहिराती व वस्तू असे चार विषय. सोबत प्रश्नमंजूषेचे कार्यक्रमही घेतो.

बाहेरून हा धंदा छपाईचा दिसतो. खरी मेहनत प्रश्न तपासण्यात जाते.

सगळ्यांना येणारा प्रश्न रंगत नाही, कुणालाच न येणारा तर त्याहून नाही. रंगतो तो असा, की अख्खं टेबल छातीठोक उत्तर देतं आणि त्यातलं निम्मं चुकतं. शारजाचंच घ्या. वाळूच्या वादळात सचिनने १४३ केल्या तो सामना कोण जिंकलं? बहुतेक जण भारत म्हणतात. २२ एप्रिल १९९८ चा तो सामना आपण २६ धावांनी हरलो होतो. धावगतीवर अंतिम फेरी गाठली एवढंच. जिंकलो ते दोन दिवसांनी, २४ तारखेला, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवशी, आणि त्या दिवशीच्या धावा १३४. लोकांच्या डोक्यात या दोन खेळी एकमेकींत मिसळल्यात. तसाच ‘मैंने प्यार किया’चा संगीतकार. राम-लक्ष्मण म्हणजे किती माणसं? दोन, असं उत्तर हमखास येतं. जोडीतले राम म्हणजे सुरेंद्र, ते १९७६ मध्येच गेले. पुढे विजय पाटील एकटेच ते जोडनाव लावत राहिले. दादा कोंडक्यांच्या सिनेमांनाही त्यांचंच संगीत होतं, हे सांगितलं की जुनी मंडळी खूश. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांचा हे पुष्कळांना ठाऊक असतं, पण बाहुल्यात शिरण्याआधीचा माणूस तात्या विंचू कोणी केला, इथे अडतं. दिलीप प्रभावळकर.

आता तपासणी. सालाचा प्रश्न सगळ्यात घातक. सिनेमाच्या सुरुवातीला दिसणारं सेन्सॉर प्रमाणपत्र बघून साल लिहिणारे खूप आहेत, पण ते प्रमाणपत्राचं साल असतं, प्रदर्शनाचं नव्हे. डिसेंबरात प्रमाणपत्र आणि जानेवारीत सिनेमा, असं सहज होतं. दुसरी गोम जिल्ह्याच्या गावांची. त्या काळी प्रिंट मोजक्या निघायच्या, मुंबई-पुण्यात चालून मग इकडे यायच्या. ‘मैंने प्यार किया’ २९ डिसेंबर १९८९ चा, पण इथे साल विचारलं की हमखास ऐकू येतं, “असं कसं ओ, नव्वदलाच बघितलाय की आम्ही!” त्यांचंही खोटं नाही. म्हणून वर्षअखेरीच्या सिनेमांचं साल आम्ही विचारतच नाही. त्याऐवजी विचारतो, या सिनेमात आणि १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मध्येही असलेला मराठी विनोदवीर कोण? लक्ष्मीकांत बेर्डे. यात वाद घालायला जागाच नाही.

आकड्यांचंही तेच. ‘रामायण’ ७८ भाग, २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८. ‘महाभारत’ ९४ भाग, २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०. हे पक्के आकडे. ‘हम लोग’चे मात्र कुठे १५४ लिहिलेले सापडतात, कुठे १५६. असा प्रश्न गाळायचा आणि ७ जुलै १९८४ ला सुरू झालेल्या त्या मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी येऊन बोलणारे कोण, हे विचारायचं. अशोक कुमार. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ १५ ऑगस्ट १९८८ चं. ‘संगीत कोणाचं’ विचारलं तर एक टेबल अशोक पत्की म्हणतं, दुसरं लुई बँक्स, आणि दोघांकडेही पुरावा असतो. सुरुवातीचा आवाज कोणाचा, हे विचारलं की भीमसेन जोशी एवढं एकच उत्तर उरतं.

‘पहिला’ या शब्दाला आमच्याकडे बंदी आहे. पहिली मालिका, पहिलं रंगीत प्रक्षेपण... व्याख्या जरा हलवली की उत्तर बदलतं. रंगीत दूरदर्शन म्हटलं की लोक एशियाड सांगतात. एशियाड नोव्हेंबर १९८२ चं, रंगीत प्रक्षेपण त्याच वर्षी त्याआधी सुरू झालं होतं. नुसतं ‘कोणत्या वर्षी’ विचारलं की १९८२ म्हणणारे सगळेच बरोबर.

पुरावा म्हणून आम्ही दोन गोष्टी धरतो: सिनेमाची किंवा मालिकेची स्वतःची श्रेयनामावली, आणि त्या काळचं छापील वर्तमानपत्र किंवा मासिक. दोन्हींपैकी एकही नसेल तर प्रश्न बाद. इंटरनेटवर दहा ठिकाणी सारखंच वाक्य दिसलं तर तो एकच पुरावा समजायचा. बाकीच्या नऊ जणांनी ते उचललेलं असतं. मुलाखतीतलं वाक्यही बेताने घ्यायचं, तीस वर्षांनी कलाकारही सालं चुकतात.

कार्यक्रमाचं काम घेताना आम्ही आधी दहावीचं साल विचारतो. त्या सालाच्या आधीची आठ वर्षं, एवढ्यातूनच मुख्य प्रश्न काढायचे. १९९० ची बॅच ‘रामायण’ लागलं तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. तिला निरमाच्या जाहिरातीतल्या हेमा, रेखा, जयाबरोबरची चौथी विचारा (सुषमा), सर्फच्या ललिताजी झालेल्या कविता चौधरींनी पुढे कोणती मालिका केली ते विचारा (‘उडान’). २००० च्या बॅचला हे आई-वडिलांकडून ऐकून माहीत असतं. तिचे प्रश्न शक्तिमान, ‘जंगल बुक’ आणि कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमचे. गंगाधरचं पूर्ण नाव ही मंडळी एका दमात म्हणतात. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. हिंदी ‘जंगल बुक’मधल्या शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, यावर मात्र अर्धे जण चाट पडतात. दोन्ही बॅचना चालणारा आमचा आवडता प्रश्न ‘सुरभि’चा: कार्यक्रमातल्या प्रश्नाच्या उत्तरांची एवढी पोस्टकार्डं यायला लागली की टपाल खात्याने काय केलं? स्पर्धांसाठी वेगळं पोस्टकार्ड काढलं, दोन रुपयांचं. साधं तेव्हा १५ पैशांना होतं.

वीस प्रश्नांत दहा सोपे, सहा मध्यम, चार अवघड. अवघड दोन सलग आले की लोक मोबाइल काढतात. पाच-पाच जणांची टेबलं, उत्तर कागदावर, वेळ वीस सेकंद. बझर आम्ही बंद केला. कोणी आधी दाबला यावरून व्याही-व्याह्यांत रुसवे होतात, आणि मोठ्याने ओरडणारा एकच माणूस अख्खा कार्यक्रम खातो. बरोबरी झाली तर आकड्याचा प्रश्न, जवळचं उत्तर जिंकतं. लॉर्ड्सवरच्या १८३ धावा पोरंही सांगतात, म्हणून विचारतो की साठ षटकांच्या त्या डावात भारत किती षटकांत बाद झाला. ५४.४. गाण्यांचे तुकडे वाजवायचे असतील तर परवान्याचं बघावं लागतं: लग्नाच्या समारंभाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, हॉटेलातल्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला नाही.

पत्त्यांवर नटनट्यांचे फोटो किंवा कंपन्यांची चिन्हं आम्ही छापत नाही, त्याचं कारणही हेच. रेखाचित्रं वापरतो, पण ती काढून घेताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. तरुण डिझायनरने गच्चीवरचा अँटेना काढला की सगळ्या काड्या सारख्या लांबीच्या येतात. प्रत्यक्षात सगळ्यात लांब काडी मागे, पुढच्या काड्या क्रमाने आखूड, आणि आखूड टोक प्रक्षेपण केंद्राकडे. कॅसेटची ‘ए’ बाजू सुरुवातीला असेल तर टेपचा गठ्ठा डावीकडे हवा. चाकाला आतून सहा दात, म्हणून तर षटकोनी पेन्सिल त्यात घट्ट बसायची. गिऱ्हाईक प्रश्नाआधी चित्र बघतं, आणि ते चुकलेलं दिसलं की उत्तरांवरचाही विश्वास उडतो.

छपाईचं गणित सोपं आहे, निस्तरणं अवघड. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटर, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारा जादा छापील भाग. २० बाय ३० इंची शीटवर सात ओळींत आठ असे ५६ बसतात. चौपन्न प्रश्नांचे, एक नियमांचा, एक कोरा. कागद ३५० जीएसएमचा (चौरस मीटरला ३५० ग्रॅम) आर्ट कार्ड. तंतूंची दिशा पत्त्याच्या उंचीला समांतर ठेवायची, नाहीतर पत्ता पिसताना मधोमध मोडतो. लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी आणि मॅटच. एकाच बाजूला केलं तर उघडी बाजू सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ओल सोडून आखडते आणि पत्ता पापडासारखा वाकतो. ग्लॉसचे पत्ते घामट हातात एकमेकांना चिकटतात. मागच्या बाजूला बारीक पांढरी चौकट द्यायचा मोह होतो, तो आवरावा: कटिंग अर्धा मिलिमीटर सरकलं तरी चौकट एका अंगाला जाड दिसते. गडद रंग कडेपर्यंत नेला तर सरकलेलं झाकलं जातं, पण ब्लेड बोथट असेल तर कडेला पांढरे तुरे निघतात. दोन्हींत आम्ही गडद रंग घेतला. ब्लेडला धार वेळेवर लावता येते, कागद हलायचा तो हलतोच. कोपरे ३ मिलिमीटर गोलाईचे, कापणी झाल्यावर कॉर्नर कटरवर. डबा मात्र लॅमिनेशन झालेला गठ्ठा हातात घेऊन, मोजूनच करायचा. गठ्ठा साधारण दोन सेंटिमीटर भरतो, आणि नुसत्या कागदाच्या जाडीवरून काढलेला डबा घट्ट होतो.

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार उडतो किंवा शेजारच्या अक्षरावर जातो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. त्यामुळे ‘अशी ही बनवाबनवी’ नीट छापलं गेलं तरी ‘पुऱ्या’ची हमी नाही. बदललेला प्रत्येक मजकूर एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं. अक्षर ११ पॉइंटच्या खाली नेत नाही. गिऱ्हाईक चाळिशीच्या पुढचं, आणि गेट-टुगेदरला चष्मा घरी विसरतंच.

विक्रीचा जोर संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानावर. धूळ एवढी की उघडा नमुना-संच संध्याकाळपर्यंत मळतो, पण मॅट लॅमिनेशन ओल्या फडक्याने पुसता येतं. लोक तिथे उभ्याउभ्या एकमेकांना प्रश्न विचारतात, आणि नवरा-बायकोचं उत्तर जुळलं नाही की संच हमखास खपतो. बाहेरगावी तीन संच एका पाकिटात पाठवणं परवडतं. कागदाचंच वजन संचाला १०५ ग्रॅमच्या आसपास, डब्यासह दीडशे धरावं, म्हणजे तिघांचं मिळून पाचशेच्या आत राहतं.

मराठी संचावरच थांबून सोलापुरात भागत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत चिरंजीवीचे प्रश्न हवे असतात, अक्कलकोटकडच्या कन्नड मंडळींना शंकर नाग. ‘मालगुडी डेज’ इथे सगळ्यांचंच: दिग्दर्शन शंकर नाग यांचं, चित्रं आर. के. लक्ष्मण यांची, चित्रीकरण आगुंब्याचं. चिरंजीवीचा पहिला हिंदी सिनेमा १९९० चा ‘प्रतिबंध’. ‘पहिला’वरची बंदी एवढ्यापुरती उठवली, कारण उत्तराला फाटा फुटत नाही. ‘शिवा’ विचारताना मात्र तेलुगू १९८९ चा की हिंदी १९९० चा, ते प्रश्नातच लिहावं लागतं.

आता वेगळा तेलुगू संच मशीनवर चढवायचा आहे. त्या लिपीत जोडाक्षरांचा दुसरा भाग ओळीच्या खाली लोंबतो. मराठीला ११ पॉइंटच्या अक्षराला १४ ची ओळ पुरते, तेलुगूला १७ लागते. त्यामुळे पत्त्यावर चार प्रश्न मावत नाहीत, तीनच बसतात, म्हणजे संचात २१६ ऐवजी १६२. किंमत तीच ठेवायची का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. प्रूफं तपासायला अशोक चौकातले दोन निवृत्त शिक्षक तयार झालेत.