तळपायांची आग, बी-१२ आणि बाटलीवरची बारीक अक्षरे

मधुमेहामुळे होणारे नसांचे दुखणे मला गेली काही वर्षे आहे. दिवसा दोन्ही तळपाय बधिर असतात, चप्पल पायातून निसटली तरी चटकन कळत नाही, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की त्याच तळपायांची अशी आग होते की पांघरुणाचा स्पर्शही नकोसा वाटतो. अशा माणसाला भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘नसांच्या ताकदीसाठी’ एखाद्या गोळीचे किंवा चूर्णाचे नाव सांगून जातो. सांगणाऱ्यांच्या आपुलकीबद्दल मला शंका नाही. मात्र शरीरात जे खरोखर कमी आहे ते भरून काढण्यासाठी घेतलेली गोळी आणि ‘असू द्यावी’ म्हणून घेतलेली गोळी यांत फार मोठे अंतर आहे, आणि काय कमी आहे हे तपासणीशिवाय कळत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

माझ्या बाबतीत जे कमी निघाले ते बी-१२ हे जीवनसत्त्व होते. आमचे घर पिढ्यानपिढ्या शाकाहारी, आणि बी-१२ निसर्गतः मिळते ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून. भाज्या, डाळी, धान्ये यांत ते नसते. त्यात मी मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेत आहे, आणि या औषधाने आतड्यातून बी-१२ शोषले जाण्याचे प्रमाण घटते, हे आता सर्वमान्य आहे. आम्लपित्तासाठी महिनोन्‌महिने रिकाम्यापोटी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही तोच परिणाम होतो. मज्जातंतूंवर मायलिन नावाचे जे आवरण असते, ते शाबूत राहण्यासाठी बी-१२ लागते. ते कमी पडले की मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसू लागतात. मधुमेहाची लक्षणेही तशीच असल्यामुळे ‘साखरेमुळे होते आहे’ असे म्हणून दुसरे कारण झाकलेले राहू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळले होते. म्हणजे हा प्रश्न केवळ माझ्यासारख्या मधुमेहींचा नाही, आपल्या ताटाचाही आहे.

तपासणीबद्दल दोन गोष्टी मुद्दाम सांगते. पहिली अशी, की ती गोळ्या सुरू करण्यापूर्वी करावी, कारण गोळ्या चालू झाल्यावर रक्तातला आकडा वर जातो आणि मूळची कमतरता किती होती याचा अंदाज लागत नाही. दुसरी अशी, की रक्तातला बी-१२चा आकडा दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या थोडा वर असला म्हणजे सारे आलबेल, असे नसते. सीमेवरच्या आकड्यांसाठी डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल, म्हणजे बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे घटक, यांची तपासणी सांगू शकतात. शिवाय केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेत राहिले तर बी-१२च्या अभावाने होणारा रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि नसांची हानी मात्र आतल्या आत चालू राहते.

मला सुरुवातीला मिथाइलकोबालामिनची, म्हणजे बी-१२च्याच एका रूपाची, इंजेक्शने दिली गेली. प्रकाशाने औषध बिघडते म्हणून ते गडद तपकिरी कुपीत येते, आणि सिरिंजमध्ये ओढले की त्याचा रंग थेट डाळिंबाच्या रसासारखा लाल दिसतो. पुढे गोळी आली, तीही १५०० मायक्रोग्रॅमची. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असताना एवढी मोठी मात्रा कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाला चिकटून बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते, आणि ही वाट एका वेळी फार थोडेच नेऊ शकते. मोठ्या मात्रेतला साधारण एक टक्का भाग या वाटेखेरीज आपोआप झिरपतो, आणि तेवढ्यावरही गरज भागते.

काही महिन्यांनी माझ्या चालण्यातली अस्थिरता पुष्कळ कमी झाली. आग मात्र गेली नाही, सौम्य झाली. बी-१२च्या अभावाने झालेली हानी भरून आली, साखरेने केलेली राहिली, असा त्याचा अर्थ मी लावते, आणि म्हणूनच रात्रीची वेदनेवरची प्रीगॅबलिनची गोळी मी अजून घेते. जीवनसत्त्वाची पूरक गोळी सुरू केली म्हणून वेदनेचे औषध मनाने बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. ते धोक्याचे आहे.

आहारातून किती मिळते, हेही प्रामाणिकपणे पाहायला हवे. पाव लिटर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळते, आणि आपल्याकडे दूध दिवसातून दोन-तीनदा तापवले जाते, त्यात काही भाग नष्ट होतो. एका अंड्यातून अर्धा मायक्रोग्रॅम मिळतो. इडली-आंबोळीसारख्या आंबवलेल्या पदार्थांवर किंवा स्पिरुलिना या शेवाळाच्या पुडीवर या बाबतीत विसंबता येत नाही; स्पिरुलिनात जे आढळते त्यातले बहुतेक आपल्या शरीराला वापरता न येणारे रूप असते. म्हणून मी रोज वाटीभर दही आणि पेलाभर दूध घेते, पण गोळी सोडलेली नाही. आहाराचे खरे काम मला दुसऱ्या बाजूने जाणवते. रात्रीचा भात बंद करून ज्वारीची भाकरी, उसळ आणि भरपूर पालेभाजी ठेवल्यापासून जेवणानंतरची साखर फारशी उसळत नाही. साखर आटोक्यात राहिली तर नसांची पुढची झीज मंदावते. झालेली झीज त्याने भरून येत नाही, आणि हे काम वर्षांच्या हिशेबाने चालते. वर्षानुवर्षे चढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर काही रुग्णांत नसांची वेदना उलट वाढते, हेही ठाऊक असावे.

नसांच्या दुखण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या अल्फा लिपोइक आम्ल या पूरक गोळीबद्दल मला वारंवार विचारले जाते. जर्मनीत ते मधुमेही नसांच्या दुखण्यावर अनेक वर्षे औषध म्हणून वापरले जात आहे. ६०० मिलिग्रॅमच्या मात्रेने काही आठवड्यांत जळजळ कमी झाल्याचे लहान मुदतीच्या चाचण्यांत दिसले, परंतु २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या चाचणीत मुख्य निकषावर ही गोळी आणि तुलनेसाठी दिलेली बिनऔषधाची गोळी यांत ठोस फरक आढळला नाही. मळमळ सोसत असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर डॉक्टरांना विचारून काही महिने घेऊन पाहायला हरकत नाही. गुण नाही आला तर थांबवावे. हळदीच्या कॅप्सूलबाबत एवढेच सांगते, की रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जस्ताच्या गोळ्या प्रतिकारशक्तीसाठी म्हणून दीर्घकाळ भरपूर घेतल्या तर शरीरातले तांबे घटते, आणि तांब्याच्या अभावानेही नसा आणि मज्जारज्जू दुखावतात.

सर्वांत जास्त राग मला बी-६च्या बाबतीत येतो. अमेरिकेतल्या भाच्याने मोठ्या प्रेमाने ‘नसांसाठीची’ एक बाटली पाठवली. भिंग घेऊन लेबल वाचले, तर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, १०० मिलिग्रॅम, आणि शेजारी रोजच्या गरजेची टक्केवारी ५,८८२! हे जीवनसत्त्व कमी पडले तर नसा बिघडतात, हे खरेच आहे. क्षयरोगावर आयसोनियाझिड घेणाऱ्यांना ते सोबत दिले जाते ते याचसाठी. पण ते जास्त झाले तरीही नसाच बिघडतात. दिवसाला काही ग्रॅम बी-६ घेणाऱ्या रुग्णांचे पाय बधिर होऊन चालणे कठीण झाल्याची नोंद १९८३ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्यानंतर त्याहून पुष्कळ कमी मात्रेतही असा त्रास आढळत गेला, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा ठरवली. अमेरिकेतली मर्यादा अजून १०० मिलिग्रॅमची आहे. तळपाय बधिर आहेत म्हणून माणसाने ही गोळी घ्यावी, तिने बधिरपणा वाढावा, आणि वाढला म्हणून त्याने दोन गोळ्या घ्याव्यात, हे चक्र किती सहज सुरू होऊ शकते! आपल्याकडच्या बी-कॉम्प्लेक्सच्या आणि ‘नर्व्ह टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतही बी-६ असते, आणि दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर वेगवेगळ्या नावांनी तेच पुन्हा पुन्हा येऊ शकते.

त्यामुळे तपासणीला जाताना मी सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या एका पिशवीत घालून नेते आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडते. भाच्याची बाटली त्यांनी बाजूला काढून ठेवायला सांगितली. त्याला मी फोनवर सांगितले, की बाळा, गोळ्या नकोत. पाठवायचेच असेल तर मधुमेहींसाठीचे बिनशिवणीचे मोजे पाठव, ते इथे लवकर मिळत नाहीत.