बाफला-रात्र, नोंद ६ : तरंगले, पण शिजले नाहीत

मागच्या नोंदीत मी पिठाचे प्रमाण पक्के झाल्याचे लिहिले होते आणि त्याच भरवशावर गेल्या शनिवारी इंदूरमधल्या भंवरकुआं भागातील आमच्या गच्चीवर २४ जणांसाठी ७२ बाफल्यांचा (कणकेचे गोळे आधी पाण्यात उकळून मग ओव्हनमध्ये भाजलेल्या बाट्यांचा) घाट घातला. पहिले दोन घाणे उत्तम उतरले. तिसऱ्या घाण्यातील मात्र एकूण एक बाफला बाहेरून खरपूस आणि फोडल्यावर मधोमध ओल्या कणकेचा गोळा असा निघाला. परीक्षेच्या तोंडावर वर्गणी काढून जमलेल्या आठ जणांना रात्री साडेअकराला डाळीबरोबर नुसता भात वाढावा लागला, याचे मला फार वाईट वाटले.

प्रथम संशय पाण्यावर गेला. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, आणि १२ लिटर पाण्यात ७० ग्रॅमचे २४ गोळे एकदम सोडल्यावर ते ९१ अंशांपर्यंत उतरते, हे मी सळईच्या तापमापकाने मोजले होते. परंतु तिन्ही घाण्यांना पाणी तेवढेच होते, शेगडी तीच होती आणि गॅसवरचा बाटी-ओव्हनही तोच होता. फरक एकच होता: तिसऱ्या घाण्याचे गोळे वळून झाल्यावर ओल्या फडक्याखाली दीड तास पडून होते.

सोमवारी संध्याकाळी मी दोन गोळे करून पाहिले, एक सोडा आणि दही घातलेला व दीड तास ठेवलेला, दुसरा बिनसोड्याचा. सोड्याचा गोळा पाचव्या मिनिटाला वर आला आणि त्याच्या मध्यभागी तापमान होते अवघे ३२ अंश; गव्हाचा स्टार्च फुलायला ६० अंशांच्या पुढे जावे लागते. दही आणि सोडा यांतून निघालेला वायू दीड तासात कणकेत साठतो, गोळा हलका होतो आणि शिजण्याच्या आधीच तरंगतो. ‘वर आला की काढायचा’ ही खूण आम्ही पहिल्या नोंदीपासून पाळत आलो, ती ताज्या वळलेल्या गोळ्यालाच लागू पडते. त्यानंतर आणखी एक गोळा केला; त्याच पाण्यात पूर्ण २० मिनिटे ठेवलेल्या या तिसऱ्या गोळ्याचा गाभा ८५ अंशांवर पोहोचला आणि सुरीला काहीही चिकटले नाही. ती स्वच्छ सुरी पाहून झालेला आनंद मी विसरणार नाही.

यापुढे सोडा निम्मा घालायचा, तोही प्रत्येक घाण्याची कणीक मळताना वेगळा, आणि बाफला काढायचा तो घड्याळ पाहून. पिठाविषयी माझे मत अधिकच ठाम झाले आहे: सियागंजच्या बाजारातून आणलेले मक्याचे पीठ मैद्यासारखे बारीक निघाले, त्याने बाफला चिवट होतो; गहू आणि मका दोन्ही गिरणीवर समोर उभे राहून रवाळ दळून घ्यावेत.

हे लिहीत असतानाच खालच्या मजल्यावरच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, “अरे, पाण्यात सोडतोसच कशाला? माझं मोदकपात्र घेऊन जा, वाफेवर कर.” इंदुरात अनेक घरी बाफले वाफवूनच करतात, आणि वाफेवर तरंगण्याची फसवी खूणच उरत नाही, शिवाय पिठाचा अंश पाण्यात उतरून तळाला लागणारी पेजही टळेल. त्यामुळे ७२ चा बेत मी तूर्त मागे घेतो. येत्या शनिवारी १२ जणांसाठी ३६ बाफले करीन, निम्मे उकळून व निम्मे वाफवून, आणि ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी दोन्हींतला एकेक चिरून पाहीन. वाफेवरच्या बाफल्याला पाणी कमी मिळाल्याने तो भाजताना कोरडा पडतो का, हे त्यात कळेल. पडला तर कणीक सैल मळावी लागेल.