एन८१० टॅबलेट आणि दुर्बिणीचा सिरीयल पोर्ट: आतापर्यंतची प्रगती

सेलेस्ट्रॉनच्या नेक्सस्टार दुर्बिणीचा हँड कंट्रोल (ती फिरवायचा हातातला रिमोट) आणि नोकियाचा एन८१० हा छोटा टॅबलेट आता सिरीयल पोर्टमधून, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीतून, एकमेकांशी नीट बोलतात. इको आज्ञा (पाठवलेलं अक्षर परत येतंय का ते बघणं), दुर्बीण कुठे रोखली आहे ते वाचणं, वेळ आणि ठिकाण पाठवणं, एवढं चालू झालंय. ब्लूटूथ बाकी आहे.

२००७ सालचंच यंत्र का घेतलं? अमावास्येच्या रात्री माळावर कुणी लॅपटॉप उघडला की आजूबाजूच्या सगळ्यांची अंधाराला सरावलेली नजर बिघडते. एन८१०चा ४.१३ इंची पडदा अगदी मंद करता येतो, सरकवून उघडायचा कीबोर्ड अंधारात बोटांना सापडतो आणि आत खरा लिनक्स आहे. मला हवंय ते साधंच आहे: वहीत रेखाटन चालू असताना दुर्बिणीचे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश म्हणा) आपोआप नोंदले जावेत.

सुरुवात विजेच्या हिशोबापासून करा, ड्रायव्हर नंतर. यूएसबी होस्ट झाल्यावर, म्हणजे संगणकासारखी दुसरी उपकरणं स्वतःला जोडून घेताना, हा टॅबलेट बाहेरच्या उपकरणाला साधारण १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो. यूएसबीचं सिरीयल करणाऱ्या केबलमधली एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आर चिप कोरी (सेटिंग न बदललेली) असताना स्वतःची मागणी ९० मिलिअँपिअर अशी सांगते आणि प्रत्यक्षात १५च्या आसपास खाते, म्हणून ती इथे बसते. दिवे लुकलुकणारी, जास्त मागणी नोंदवणारी केबल असेल तर मध्ये स्वतंत्र वीज असलेला हब लागतो आणि मग खिशातल्या यंत्राची मजाच जाते.

होस्ट मोडसाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे आयडी पिन ग्राउंडला जोडलेली ओटीजी केबल, जी टॅबलेटला होस्ट व्हायला सांगते. दुसरं, गरज पडली तर रूट होऊन यूएसबी कंट्रोलरच्या मोड फाइलमध्ये 'होस्ट' हा शब्द लिहायचा. टॅबलेटवरच्या ओएस२००८ या प्रणालीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२१ आहे, त्यामुळे सिरीयलची मोड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हर, नेमकी त्याच कर्नलसाठी स्क्रॅचबॉक्समध्ये (संगणकावर टॅबलेटसाठी प्रोग्राम बांधायचं साधन) बांधलेली हवीत. आधी यूएसबी-सिरीयलचं मूळ मोड्यूल चढवायचं, मग एफटीडीआयचं. डिव्हाइस फाइल दिसली की लगेच दुर्बीण जोडू नये. केबलच्या नऊ पिनांच्या डीबी९ प्लगमधल्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना तारेने जोडा आणि टाइप केलेलं अक्षर परत येतंय का ते बघा. ते आलं, तर टॅबलेटच्या बाजूचं सगळं ठीक आहे असं समजायला हरकत नाही.

व्होल्टेजबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे यंत्र जळू शकतं. हँड कंट्रोलच्या तळाशी असलेला पोर्ट आरएस-२३२ या जुन्या सिरीयल मानकाचा आहे: १ म्हणजे ऋण व्होल्टेज, ० म्हणजे धन, आणि दोन्ही ३ ते १५ व्होल्टच्या पट्ट्यात. बाजारात मिळणारी छोटी उघडी यूएसबी-सिरीयल बोर्डं मात्र टीटीएल पातळीची असतात, म्हणजे ० ते ३.३ किंवा ५ व्होल्ट, आणि अर्थही उलटा. मध्ये मॅक्स३२३२ ही व्होल्टेज बदलणारी चिप घातल्याशिवाय ती जोडू नका. शिवाय केबल हँड कंट्रोललाच लावायची. माउंटवर तसेच दिसणारे प्लग असतात, पण त्यांचे सिग्नल वेगळे.

प्रोटोकॉल सुटसुटीत आहे: वेग सेकंदाला ९६०० बिट, ८ बिट डेटा, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. कॅपिटल के आणि पाठोपाठ कुठलंही एक अक्षर पाठवलं की तेच अक्षर हॅश चिन्हासह परत येतं. कॅपिटल ई पाठवलं की विषुवांश आणि क्रांती येतात, प्रत्येकी चार हेक्स (१६च्या पायाच्या) अंकांत. पूर्ण वर्तुळाचे ६५५३६ भाग धरलेले असतात. समजा ३४एबी आलं, तर दशमानात ते १३४८३, म्हणजे ७४.०६ अंश, म्हणजे ४ तास ५६ मिनिटं. उत्तराला ३.५ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून पायसिरीयलमध्ये (पायथनची सिरीयल लायब्ररी) टाइमआउट ४ सेकंद ठेवलाय.

हॅश दिसेपर्यंत वाचत राहणं या आज्ञांना चालतं, वेळ विचारणाऱ्या स्मॉल एच आज्ञेला चालत नाही. तिथे तास, मिनिट, सेकंद असे कच्चे बाइट येतात आणि हॅशचा कोड ३५ आहे. घड्याळात ३५ मिनिटं झाली असली की वाचन मध्येच तुटतं. त्यामुळे तिथे मोजून ९ बाइट वाचायचे.

वेळ पाठवताना भारतातल्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. या आज्ञेत कालविभागासाठी एकच बाइट आहे आणि तो पूर्ण तासांचा. आपले साडेपाच तास त्यात बसत नाहीत. मी कालविभाग ० ठेवून सरळ जागतिक वेळ पाठवते. पहाटे साडेपाचपर्यंत तारीख आदल्या दिवसाची जाते, आणि तीच बरोबर आहे. ठिकाण एन८१०च्या आतल्या जीपीएसवरून घेते. पुण्यासाठी पाठवायचे बाइट साधारण असे: १८, ३१, ०, ०, ७३, ५१, ०, ०. चौथ्या जागेवरचं शून्य म्हणजे उत्तर, शेवटच्या जागेवरचं म्हणजे पूर्व.

केबलवर हे सगळं पक्कं झालं, पण दुर्बीण फिरली की केबल तिपाईला गुंडाळली जाते. म्हणून पुढचा टप्पा एचसी-०५ या छोट्या ब्लूटूथ मोड्यूलचा, जे हँड कंट्रोलच्या पोर्टला जोडायचं. ते जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ सिरीयल देतं आणि एन८१०ला तेच समजतं, नवी बीएलई (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथची) मोड्यूल्स इथे निरुपयोगी. डेटासाठी त्याचा मूळ वेग ९६००च असतो, म्हणजे बदलायचं काही नाही. लिनक्सच्या आरएफकॉम आज्ञेने ब्लूटूथचा चॅनेल १ डिव्हाइस फाइलशी बांधला की तोच पायथन प्रोग्राम दुसऱ्या डिव्हाइस फाइलवर चालायला हवा. वीज चार एए रिचार्जेबल सेलमधून, ४.८ व्होल्ट. पॉवरबँक टाळतेय, कारण इतक्या कमी भारावर बऱ्याच पॉवरबँक आपोआप बंद होतात. मॅक्स३२३२ही त्याच ४.८ व्होल्टवर चालेल, पण एचसी-०५ची आरएक्स (डेटा घेणारी) पिन ३.३ व्होल्टची आहे. तिच्या आधी १ आणि २ किलोओहमच्या रोधांचा व्होल्टेज विभाजक लावला की ३.२ व्होल्ट मिळतात. बोर्ड आखून झालंय, सोल्डरिंग या आठवड्यात.