उजव्या दिव्यातलं पाणी: वाट सापडली

मंडळी, सापडली! माझ्या गाडीच्या उजव्या हेडलाइटमध्ये पाणी शिरायची वाट काचेच्या कडेला नाहीच. ती आहे मागे, वरच्या ॲडजस्टर स्क्रूच्या (झोताची दिशा लावायच्या स्क्रूच्या) मुळाशी.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा जुनं ब्यूटाइल (काच चिकटवणारं रबरी सीलंट) खरवडून नवीन भरलं होतं, काच पक्की बसली होती. पण नंतरच्या पहिल्याच दणदणीत पावसात दिव्याच्या तळाला पुन्हा चमचाभर पाणी. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि सगळा उलगडा त्या चमचाभर पाण्यानेच केला.

आपल्या दिव्यात अंदाजे ५ लिटर हवा मावते. दिवा पेटला की आतली हवा २७ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापते असं धरा. म्हणजे ती साधारण ११ टक्के फुगते, अर्धा लिटरभर हवा बाहेर जाते आणि दिवा विझला की तेवढीच बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यातली २७ अंशांची अगदी ओलीचिंब हवा घेतली तरी तिच्या एका लिटरमध्ये जेमतेम २६ मिलिग्रॅम बाष्प असतं. म्हणजे एका खेपेला आत येतं ते १३-१४ मिलिग्रॅम, पाण्याच्या एका थेंबाच्या जेमतेम पावपट. चमचाभर पाणी असं जमायला साडेतीनशेहून जास्त खेपा लागतील, तेही आतलं काहीच बाहेर न जाता. तेव्हा काचेवर धरणारी वाफ आणि तळाला साठणारं पाणी ही दोन दुखणी वेगळी आहेत. सकाळी काच धुरकट दिसून दिवा लावल्यावर काही वेळात स्वच्छ होत असेल, तर दिवा खोलायची गरज नाही. पाणी हिंदकळताना दिसलं तर मात्र कुठेतरी भोक आहे.

भोक शोधायला फिश टँकचा हवेचा पंप वापरला. त्याचा दाब इतका हलका असतो की काचेचा जोड उचकटायची भीती नाही. कॉम्प्रेसरची हवा मात्र इथे चुकूनही नको. बल्ब जागेवर, रबरी टोपी बसवलेली, खालच्या ब्रीदरला (हवा ये-जा करायच्या छिद्राला) चिकटपट्टी आणि वरच्या ब्रीदरमध्ये पंपाची नळी. दिवा पाण्यात बुडवायचा विचार होता, पण तो तरंगतो, दाबून धरावा लागतो आणि पंप बंद पडला तर पाणी थेट आत. म्हणून भांड्यांचा साबण घट्टसर कालवून ब्रशने लावला.

काचेची अख्खी कड कोरडी ठणठणीत. नवीन ब्यूटाइलवर एक बुडबुडा नाही, हे बघून फार बरं वाटलं. रबरी टोपीच्या ओठाशी मोहरीएवढे दोन-चार बुडबुडे आले, टोपी फिरवून बसवल्यावर तेही थांबले. आणि ॲडजस्टरवर ब्रश टेकवला मात्र, दांड्याभोवती पांढऱ्या फेसाची बारीक गोल कडी उठली. स्क्रू पाव फेरा फिरवला तर फेस एका बाजूला सरकला, उलटा फिरवला तर परत आला. शंकेला जागाच उरली नाही. आपल्या दिव्यात काच स्थिर असते आणि आत रिफ्लेक्टर (प्रकाश पुढे फेकणारी चकचकीत वाटी) हलतो, त्यामुळे हा दांडा मागच्या कवचातून आरपार जातो. तिथली ओ-रिंग (दांड्याभोवतीची फट बुजवणारी रबरी कडी) काढली तर नखाने वाकवताच तडकली. बॉनेटच्या फटीतून ओघळणारं पाणी नेमकं याच दांड्यावरून खाली येतं.

पण डावी ओ-रिंगही तेवढीच जुनी, मग तिकडे पाणी का नाही? याचं उत्तर खालच्या ब्रीदरची चिकटपट्टी काढल्यावर मिळालं. त्याचा रबरी एल्बो (वाकडी नळी) आतून मातीने ठासून भरलेला. कुंभारमाशीचं घर! हवेची एक हक्काची वाट बंद, म्हणून थंड होणारा दिवा तडकलेल्या ओ-रिंगमधूनही श्वास घेत होता आणि दांड्यावर साचलेलं पाणी सोबत ओढत होता. आंबा घाट चढून गाडी साखरप्याकडून वर आली की हवा गार होते, पाऊस झोडपत असतो, अशा वेळी हेडलाइट बंद करून चहाला थांबलं की पाणी ओढलं जाणारच. तापलेला दिवा गार पाण्याने धुतल्यावरही हेच होतं.

नवी ओ-रिंग कोल्हापुरात उद्यमनगरात मिळाली. जुनी दाखवली, दुकानदारांनी गेजवर मोजून व्हिटॉनची (जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराची) काढून दिली. नेहमीचं नायट्राइल रबर १००-१२० अंशांच्या पुढे फार टिकत नाही, व्हिटॉन २०० पर्यंत चालतं. किंमत जास्त, पण इथे काटकसर नको. बसवताना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला.

आधी ठरवलं होतं की दोन्ही ब्रीदरना पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) पडद्याचे गोल स्टिकर लावायचे. १९६९ साली बॉब गोर यांनी ताणून सच्छिद्र केलेलं तेच पीटीएफई: बाष्प जातं, थेंब जात नाही. पण ऑनलाइन एका विक्रेत्याने त्या नावाखाली साधा फोम पाठवला. ओळखायला सोपं आहे, वर पाण्याचा थेंब ठेवा, फोम तो पिऊन टाकतो. आणि आता लिहिता लिहिता वाटतंय, स्टिकर हवेत कशाला? खालच्या एल्बोला वीतभर नळी जोडून तिचं तोंड फेंडरच्या आत खाली वळवायचं आणि टोकाला बारीक स्टीलची जाळी बांधायची. माशी जाणार नाही, उडणारं पाणी पोचणार नाही. हेच करतो.

सिलिका जेलबद्दल बरेच जण विचारतात. दिवा पुन्हा सील करण्याआधी एक रात्र बल्बच्या भोकातून पुडी आत सोडा, उत्तम. कायमची ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात ती लवकरच पिऊन तुडुंब होते आणि दिवा तापला की तेच पाणी परत आत सोडते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही लांब ठेवा, त्यातून निघणारं ॲसिटिक ॲसिड रिफ्लेक्टरचा ॲल्युमिनियमचा थर खातं. न्यूट्रल क्युअर (ॲसिड न सोडता घट्ट होणारं) असं लिहिलेलंच घ्या. आणि एलईडी बसवणाऱ्यांनो, त्या बल्बची उष्णता मागच्या हीट सिंकमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागात) जाते, काचेला ऊब मिळत नाही, म्हणून तुमची वाफ रेंगाळते. मी ६०/५५ वॉटच्या एच४ हॅलोजनवरच आहे.

आता डाव्या दिव्याची ओ-रिंग पाणी शिरायच्या आधीच बदलतो. तिथला दांडा किंचित जाड वाटतोय. कुणी दोन्हीकडची मापं घेतली असतील तर कळवा, म्हणजे उद्यमनगरची एक चक्कर वाचेल.