आमची वाटचाल: कळंबोलीची शेड ते गुहागर

आमच्याकडे गाडी ठरवायला फोन आला की माणसं किती हे आम्ही नंतर विचारतो. आधी कुत्र्याचं वजन, वय आणि त्याला गाडी लागते का ते. नव्या गिऱ्हाइकाला नवल वाटतं, पण आमची मोटारहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, मुळात कुत्र्यासकट गावी जाणाऱ्या घरांसाठीच बांधलेली आहे.

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे भाड्याची शेड, बस-बॉडीच्या कामाचा अनुभव आणि सोबत आमचे मिस्त्री, एवढ्यावर सुरुवात झाली. मिस्त्रींचा हात ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. ट्रॅव्हलर व्हॅनच्या छताला पंख्यासाठी भोक पाडताना ते जिगसॉ, म्हणजे विजेवरची बारीक करवत, अशी चालवतात की पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं तरी खरचटत नाही. धंद्यात पहिले पैसे सुटले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली, हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल. त्यानं बॅटरीच्या जाड केबलच्या टोकाला लग, म्हणजे जोडणीचा धातूचा तुकडा, दाबून घट्ट बसतो; तो हातोडीनं ठोकून बसवलेला त्यांना खपत नाही. लग सैल राहिला की तापतो, इन्सुलेशन वितळतं आणि लाकडी कपाटामागे काय चाललंय ते धूर येईपर्यंत कळत नाही. ते टूल आजही त्यांच्या पेटीत असतं, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत.

आमच्या पहिल्या गिऱ्हाईक डोंबिवलीच्या वहिनी. सासर गुहागर तालुक्यात, घरचा गणपती, आणि घरात गबरू, गावठी आणि लॅब्रेडॉरचं मिश्रण. रेल्वेनं कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. गणपतीत तो कूपे मिळतो कुणाला? बोर्डिंगमध्ये ठेवलं तर गबरू अन्नाला तोंड लावत नसे. गाडीचं काम चालू असतानाच वहिनी त्याला शेडवर घेऊन आल्या. तो आत चढला आणि उभाच राहिला. वहिनी म्हणाल्या, "दादा, ह्याचे पाय सरकतायत, म्हणून हा बसत नाहीये."

त्यावरून आमची फरशी ठरली. खाली नायट्राइल फोम, वर बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय आणि त्यावर बसमध्ये घालतात तसं खरखरीत अँटी-स्किड. कुत्र्याची जागा दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधे, खाली, जमिनीलगत. गाडी सगळ्यात कमी उसळते ती तिथेच. मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग खड्ड्यात किती आपटतो, हे मुंबई-गोवा हायवेनं ज्याची पाठ मोडलीय त्याला विचारा. त्या जागेजवळ सांगाड्याला बोल्ट केलेली कडी आहे, कुत्र्याच्या अंगाला बांधायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, त्यात अडकतो.

मधली वर्षं बरी गेली.

२०२१ साली राज्याचं कॅराव्हॅन, म्हणजे मोटारहोम, पर्यटन धोरण आलं आणि हा धंदा एकदम सगळ्यांच्या नजरेत भरला. त्याच वर्षी आमचा भागीदार वेगळा झाला. बुकिंग आणि हिशोब तो बघायचा. जाताना गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला, आराखडे घेऊन गेला, आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या जाहिरातीत जो फोटो झळकला तो आमच्या गाडीचा होता. कपाटाच्या दारावर मिस्त्रींनी बसवलेली पितळी कडी त्यात स्पष्ट दिसते. काढ म्हणून सांगितलं, त्यानं काढला नाही.

भाडं आमच्यापेक्षा पुष्कळ कमी. का नसेल? त्याच्या गाड्या पांढऱ्या नंबर प्लेटच्या. खासगी गाडी भाड्यानं द्यायला कायद्यानं परवानगी नाही, पण गिऱ्हाईक प्लेट बघत नाही, आकडा बघतं. आम्ही एआयएस-१२४, म्हणजे मोटारहोमसाठीच्या वाहन मानकाप्रमाणे मंजुरी घेतली, परमिट काढलं, पिवळी प्लेट लावली, टॅक्स भरला. त्यानं घरगुती गुळगुळीत व्हिनाइल अंथरलं, पिंजरा मागच्या दाराशी ठेवला आणि वर लिहिलं, रात्रभर एसी. २०० अँपिअर-तासाची १२.८ व्होल्टची बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट वीज. हजार वॉटचा एसी त्यावर अडीच तास चालतो. रात्र कशी निघणार?

त्या गणपतीत आमचं बुकिंग निम्म्यावर आलं. लॉकडाऊनमध्ये बँकेनं हप्ते पुढे ढकलले होते, व्याज मात्र चढतच होतं. शेडचं भाडं थकलं, एक गाडी विकावी लागली, घरातलं सोनं गहाण पडलं. मिस्त्री कित्येक महिने पगाराविना कामावर आले. माझ्यासमोर त्यांनी त्याचा एकदाही उल्लेख केला नाही. आणि वहिनींनी भाद्रपदाच्या प्रवासाचे पूर्ण पैसे चैत्रातच आणून दिले. त्या पैशातून शेड वाचली. तो भागीदार आजही एखाद्या प्रदर्शनात भेटला की हसून हात पुढे करतो. मी हात देत नाही.

आता, गाडी कुणाचीही घ्या, एवढं ऐका. निघण्याआधी तीन-चार तास कुत्र्याला पोटभर जेवण देऊ नका, पाणी मात्र द्या. हार्नेस छातीचा हवा, गळ्याच्या पट्ट्याला कधीच बांधू नका. दोन-तीन तासांनी थांबून त्याला पायांवर फिरवा. कुत्रा अंगावाटे घाम गाळून थंड होत नाही, धापा टाकून होतो, म्हणून उभ्या बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही सोडू नका. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर जास्तच जपा. पावसाळ्यात कोकणात जाताना लेप्टोची, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस आजाराची, लस झालीय का ते डॉक्टरांना विचारा, आणि गोचिडीचं औषध निघण्यापूर्वीच करा.

कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातली वळणं वाचली, गबरू आता खेडपर्यंत झोपून जातो. तोंड पांढरं झालंय त्याचं. त्याच्यासाठी मिस्त्रींनी दाराला सरकती रॅम्प केलीय, म्हाताऱ्या कुत्र्यांना पायरी चढवत नाही म्हणून. पुढच्या गाडीत ती सगळ्यांसाठीच असेल. बघायची असेल तर कुत्र्याला घेऊन शेडवर या, मात्र आधी फोन करा. ग्राइंडरला कुत्री बिचकतात, तेवढा वेळ आम्ही तो बंद ठेवतो.